प्रकाशाने मेंदूची इजा बरी होते का?

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) भंडारा ओलांडून साकोलीकडे निघाला की वाटेत लाखनी लागते. शाळा, महाविद्यालय, बाजार आणि आजूबाजूच्या धानाच्या बांध्या, साऱ्यांचे येणेजाणे या एका रस्त्याच्या आधाराने चालते. त्यामुळे दुचाकीचा अपघात आणि डोक्याला लागलेला मार या गोष्टी येथील शिक्षकांना अपरिचित नाहीत.

गेल्या हिवाळ्यात लाखनीच्या एका शिक्षकस्नेह्यांनी आम्हाला एक जाहिरातपत्रक दाखविले. आतून लाल दिवे बसविलेले एक शिरस्त्राण त्यात होते. ते रोज वीस मिनिटे डोक्यावर घालावे, म्हणजे मार लागलेल्या मेंदूच्या पेशी पुन्हा कामाला लागतात, डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड व थकवा नाहीसा होतो आणि हे सारे परदेशात सिद्ध झाले आहे, असा मजकूर होता. हे पत्रक त्यांच्या अकरावीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आणले होते. पाच महिन्यांपूर्वी मुलगा दुचाकीवरून पडला होता. जखम भरली, हाड जुळले. पण मुलगा पूर्वीसारखा राहिला नव्हता. दुसऱ्या तासालाच थकायचा, गोंगाटाने वैतागायचा, रात्री जागा राहायचा आणि दिवसा पेंगायचा. यंत्राची किंमत एका हंगामाच्या चुकाऱ्यात मावण्यासारखी नव्हती. तरी वडील म्हणाले, “गुरुजी, तुम्ही फक्त हो म्हणा. धानाचे चुकारे आले की घेऊन टाकतो.”

हो म्हणावे की नाही? ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ‘विज्ञानाची प्रगती आहे, घेऊन पाहा’ असे म्हणणे त्याहून सोपे आहे. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. प्रकाश हे एकच एक औषध नाही. कोणता प्रकाश, किती, शरीरात कोठवर पोहोचणारा आणि कशाशी तुलना करून पारखलेला, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय प्रकाशोपचाराविषयीचे कोणतेही विधान खरे किंवा खोटे ठरविता येत नाही. या लेखात आपण हे चार प्रश्न निरनिराळ्या दाव्यांना लावून पाहू.

प्रकाश खरोखर औषध ठरला, ती गोष्ट

सुरुवात यशाच्या उदाहरणाने करू. नवजात बालकांना होणारी कावीळ आपल्या परिचयाची आहे. रक्तातील तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. बाळाचे यकृत अजून पुरते तयार नसल्यामुळे ते साचते. फार साचले तर मेंदूत शिरून त्याला कायमची इजा करते.

१९५६ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मोकळ्या हवेत, उन्हात नेत असत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखविले. त्याचे सारे अंग फिकट झाले होते. मात्र दुपट्याच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा तुकडा पिवळा राहिला होता. त्याच रुग्णालयात खिडकीत उन्हाला राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिनही घटलेले आढळले. या निरीक्षणांचा धागा पकडून क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ साली आपले काम प्रसिद्ध केले. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही निळ्या प्रकाशाखाली ठेवलेली बाळे दिसतात ती या कामामुळेच.

आता चार प्रश्न लावा. कोणता प्रकाश? सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा. कारण बिलिरुबिन तोच सर्वाधिक शोषते व त्यामुळे त्याच्या रेणूची घडण बदलून ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडण्याजोगे होते. किती? दिव्याची तीव्रता आणि तास मोजून. कोठवर? त्वचेपर्यंत, आणि तेवढे पुरते. कारण बिलिरुबिन त्वचेत व तेथील रक्तवाहिन्यांत असतेच. तुलना कशाशी? प्रकाश न मिळालेल्या बाळांशी, आणि रक्त तपासून. चारही प्रश्नांना उत्तरे आहेत. येथे प्रकाश मेंदूची इजा बरी करीत नाही, ती होऊ देत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मुंबईचे घडियाली आणि रंगीत काचा

दुसरे उदाहरण आपल्याच मुंबईत जन्मलेल्या माणसाचे आहे. दिनशा पेस्तनजी घडियाली यांचा जन्म १८७३ सालचा. विजेच्या उपकरणांची त्यांना आवड व जाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रंगीत प्रकाशाने रोग बरे होतात या कल्पनेची लाट आली होती. प्लेझंटन यांनी निळ्या काचेचे गुण गाइले होते आणि एडविन बॅबिट यांनी १८७८ साली प्रकाश व रंग यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. घडियालींनी हे विचार उचलले. १९११ साली ते अमेरिकेत गेले आणि १९२० पासून त्यांनी ‘स्पेक्ट्रोक्रोम’ या नावाचे यंत्र पुढे आणले. प्रखर दिवा असलेली एक पेटी आणि तिच्यापुढे सरकविता येणाऱ्या रंगीत काचा, एवढेच ते यंत्र होते. काचा एकमेकींवर ठेवून बारा रंग साधता येत. कोणत्या रोगाला कोणता रंग, कोणत्या अवयवावर आणि कोणत्या वेळी, याचे कोष्टक त्यांनी तयार केले होते.

यंत्रे पुष्कळ खपली. बरे झालेल्यांची पत्रेही पुष्कळ जमली. अखेर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खटला भरला आणि १९४७ साली न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथील न्यायालयात घडियाली दोषी ठरले. त्यांना वीस हजार डॉलर दंड झाला. १९६६ साली त्यांचे निधन झाले. पण ही कल्पना काही त्यांच्याबरोबर गेली नाही. रंगीत बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवावे व ते औषध म्हणून प्यावे, असे सांगणारी पुस्तके आपल्याकडे आजही विकली जातात.

घडियाली लबाड होते की भाबडे, या वादात शिरण्याचे कारण नाही. त्यांची चूक पद्धतीची होती. एकाच दिव्याने सर्व रोग बरे करण्याचा दावा होता. त्या प्रकाशाने शरीरातील कोणत्या द्रव्यात कोणता बदल होतो हे दाखविलेले नव्हते. आणि ‘बरा झालो’ अशी पत्रे हाच पुरावा होता. बरे न झालेले लोक सहसा पत्र लिहीत नाहीत. लाखनीत आलेल्या पत्रकावरही पाच समाधानी ग्राहकांचे अभिप्राय छापले होते. किती ग्राहकांपैकी पाच, हे मात्र छापलेले नव्हते.

असे असले तरी, घडियालींचे यंत्र निरुपयोगी होते म्हणून लाल दिव्यांचे शिरस्त्राणही निरुपयोगी, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यामागची कल्पना निराळी आहे आणि तिची परीक्षा स्वतंत्रपणेच झाली पाहिजे.

कवटीच्या आत किती प्रकाश पोहोचतो?

१९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर लेसर किरणांमुळे उंदरांना कर्करोग होतो का, हे तपासत होते. कर्करोग झाला नाही. उलट कातरलेले केस लेसर दिलेल्या उंदरांत लवकर उगवले. तेव्हापासून मंद लाल प्रकाशाचा पेशींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू झाला. आजची प्रचलित उपपत्ती अशी : पेशीतील तंतुकणिका म्हणजे तिची ऊर्जानिर्मितीची केंद्रे. त्यांतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर लाल आणि अवरक्तालगतचा प्रकाश शोषते. त्यामुळे ऊर्जानिर्मितीला चालना मिळावी आणि इजा झालेली, पण मेलेली नाही अशी पेशी तगावी. काचपात्रातील पेशींवर आणि प्रयोगशाळेतील उंदरांवर याला अनुकूल असे निष्कर्ष बरेच मिळाले आहेत. म्हणजे पहिल्या प्रश्नाला, ‘कोणता प्रकाश’ याला, येथे समंजस उत्तर आहे.

अडचण तिसऱ्या प्रश्नाची आहे. उंदराची कवटी कागदासारखी पातळ आणि मेंदू शेंगदाण्याएवढा. माणसाच्या डोक्याची त्वचा आणि कवटी मिळून जाडी एक सेंटिमीटरच्या वर जाते. गणितापुरते समजा, दर दोन मिलिमीटरला प्रकाश निम्मा होतो. बारा मिलिमीटर पार करताना तो सहा वेळा निम्मा होईल, म्हणजे चौसष्टावा भाग उरेल, शेकडा दीडच्या आसपास. हा आकडा केवळ समजून घेण्यासाठी आहे. पण प्रत्यक्ष मोजमापेही अवरक्त प्रकाशाचा फार तर काही टक्के, आणि पुष्कळदा त्याहून कमी, भाग मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जातो असेच सांगतात. त्यात केस आडवे आले तर आणखी घट. शिवाय डोक्याला जोराचा मार बसतो तेव्हा इजा केवळ पृष्ठभागावर होत नाही. मेंदू कवटीत हिसकला जाऊन खोलवरचे मज्जातंतू ताणले व तुटले जातात. तेथवर हा प्रकाश किती पोहोचणार?

वर्गात हे सहज दाखविता येईल. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च तळहाताला चिकटवून धरा. बोटांच्या कडा लाल उजळतात; निळा व हिरवा भाग वाटेतच शोषला जातो. आता टॉर्च तळहाताऐवजी मनगटाच्या जाड भागाला लावा. लाल उजेडही फारसा पलीकडे येत नाही. ‘लाल प्रकाश आत शिरतो’ हे वाक्य खरे आहे. ‘किती’ हा शब्द गाळला की ते फसवे होते. (टॉर्च कोणाच्याही डोळ्यावर धरू नये. लेसर तर मुळीच वापरू नये.)

पक्षाघाताचा धडा

चौथा प्रश्न तुलनेचा. धान पिकविणाऱ्या मुलखात तो समजाविणे अवघड नाही. नवे खत टाकले आणि पीक चांगले आले, एवढ्यावरून खताचे श्रेय ठरत नाही. त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन बांध्या घ्यायच्या, एकच बियाणे, एकाच दिवशी रोवणी, पाणी सारखे, आणि खत मात्र एकीतच. डोक्याच्या दुखापतीत ‘पाऊस’ म्हणजे शरीराची स्वतःची भरपाई. सौम्य मार लागलेल्या बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतात. त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते. म्हणून दोन गट हवेत, कोणी कोणत्या गटात जायचे ते चिठ्ठी टाकून ठरायला हवे आणि दुसऱ्या गटालाही हुबेहूब तसेच, पण प्रकाश न देणारे यंत्र लावायला हवे. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे आपल्याला खरा उपचार मिळाला की खोटा, हे रुग्णाला कळत नाही. परीक्षेच्या दृष्टीने ही सोयच आहे.

अशी कसोशीची परीक्षा एका जवळच्या आजारात झाली आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातात पहिल्या चोवीस तासांत ८०८ नॅनोमीटरचा लेसर डोक्यावर द्यावयाचा, असा तो उपचार होता. पहिली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण १२०. लेसर मिळालेल्यांपैकी शेकडा ७० जणांची प्रगती चांगली, तर खोटा उपचार मिळालेल्यांपैकी ५१ जणांची. वर्तमानपत्रांना हा मथळा पुरेसा असतो. दुसरी चाचणी २००९ सालची. रुग्ण ६६०. मोजमाप थोडे निराळे होते. फरक ३६ विरुद्ध ३१ एवढाच राहिला आणि तो योगायोगाचा असू शकेल असे गणित सांगू लागले. तिसऱ्या चाचणीत १००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. ५६६ जणांचे निष्कर्ष हाती आल्यावर देखरेख समितीने ते तपासले आणि पुढे जाण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी थांबविली. दोन गटांत फरक नव्हता. ही हकिकत २०१४ साली प्रसिद्ध झाली.

लहान चाचणीत दिसलेला फरक मोठ्या चाचणीत का विरघळतो? वर्गातील चाळीस मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगा. सुमारे सात मुलांना सात किंवा अधिक छापे मिळतील. त्यांची नाणी काही खास नसतात. त्याच सात मुलांना शंभर शंभर वेळा नाणे उडवायला सांगा, म्हणजे खासपणा नाहीसा होईल. आपण फक्त पहिल्या फेरीतील सात मुलांचीच बातमी छापली, तर वाचकांची दिशाभूल होते.

डोक्याच्या माराविषयी काय आढळले?

आता मूळ विषयाकडे वळू. अपघाताने मेंदूला झालेल्या इजेवर या प्रकाशाच्या चाचण्या झाल्या आहेत. पण त्या लहान आहेत. २०१४ साली बॉस्टनमधील संशोधकांनी जुनी सौम्य इजा असलेल्या ११ जणांना लाल व अवरक्त दिव्यांचे १८ वेळा उपचार दिले. स्मरणाच्या व एकाग्रतेच्या काही कसोट्यांत त्यांचे गुण वाढले. मात्र तुलनेचा गट नव्हता. तीच कसोटी दुसऱ्यांदा दिली की सरावानेही गुण वाढतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अधिक काटेकोर काम झाले. मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या ६८ रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागले आणि इजेनंतर ७२ तासांच्या आत अवरक्त दिव्यांचे शिरस्त्राण, खरे किंवा खोटे, घातले. २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : उपचार निर्धोक वाटला, मेंदूच्या चुंबकीय चित्रणात दोन गटांत काही फरक दिसला, रुग्णांच्या तक्रारींत मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. २०२४ साली त्याच अभ्यासातील ३८ रुग्णांच्या चित्रणाचे अधिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. प्रकाश मिळालेल्यांत मेंदूच्या सात जोड्यांमधील परस्परसंबंध पहिल्या काही आठवड्यांत जास्त वाढले. यावर ‘प्रकाशाने मेंदू बरा केला’ अशा अर्थाच्या बातम्या फिरल्या. रुग्णांच्या लक्षणांतील फरक याही वेळी खात्रीलायक नव्हता, ही गोष्ट बातम्यांच्या तळाशी राहिली.

आमची टीका संशोधकांवर नाही. त्यांनी जे दिसले ते आणि जे दिसले नाही ते, दोन्ही लिहिले आहे. टीका आहे ती मधल्या उडीवर. चित्रात फरक दिसणे ही एक पायरी. मुलाला तासभर वर्गात बसता येणे ही निराळी पायरी. पहिल्या पायरीवरून दुसरीवर उडी मारून आणि ७२ तासांच्या आत दिलेल्या उपचाराचा हवाला पाच महिन्यांपूर्वीच्या इजेला लावून यंत्र विकणे, हे विज्ञान नव्हे. पत्रकावरील ‘परदेशात सिद्ध’ हे शब्द ‘परदेशात तपासणी चालू’ असे वाचले पाहिजेत.

डोळ्यावाटे जाणारा प्रकाश

प्रकाशाला मेंदूपर्यंत जाण्याची आणखी एक वाट आहे, आणि तिच्यासाठी कवटी भेदावी लागत नाही. ती वाट डोळ्यांची. दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज मेलॅनॉप्सिन हे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. हे द्रव्य १९९८ साली सापडले आणि या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात हे २००२ साली स्पष्ट झाले. त्या निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि मेंदूतील जैविक घड्याळाला ‘दिवस उगवला’ असा निरोप पोहोचवितात. हिवाळ्यात येणाऱ्या खिन्नतेवर सकाळच्या प्रखर प्रकाशाचा उपचार १९८४ पासून तपासला गेला आहे आणि तो रूढही झाला आहे.

डोक्याला मार लागल्यावर झोपेचे वेळापत्रक बिघडणे आणि थकवा येणे या नेहमीच्या तक्रारी आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ३० जणांवर झालेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. चार आठवडे रोज सकाळी ४५ मिनिटे एका गटाला निळा प्रकाश, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला काहीच नाही. निळ्या प्रकाशाच्या गटात थकवा व दिवसाची पेंग कमी झाली. उपचार थांबल्यावर थकवा पूर्वपदावर येऊ लागला. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाने २०२० साली सौम्य इजेच्या ३२ जणांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सहा आठवडे रोज सकाळी अर्धा तास निळा प्रकाश घेणाऱ्यांची झोपेची वेळ सुधारली आणि दिवसाची पेंग कमी झाली.

येथेही सावध राहिले पाहिजे. तीस आणि बत्तीस हे आकडे लहानच आहेत; नाण्यांचा खेळ विसरू नये. शिवाय निळा की पिवळा, हे रुग्णाला दिसतेच. तथापि चार प्रश्नांपैकी पहिल्या तिहींना येथे बरी उत्तरे आहेत. दावाही मर्यादित आहे : मेंदू बरा होतो असा नव्हे, तर झोप आणि थकवा यांत मदत होऊ शकते, असा. आम्हाला तो अधिक विश्वासार्ह वाटतो तो यामुळेच.

आणि या प्रकाशासाठी लाखनीत यंत्र लागते का? मोबाइल फोनवर प्रकाश मोजणारे साधन उतरवून घ्या. वर्गाच्या कोपऱ्यात दोन-तीनशे लक्स दिसतील, बाहेर झाडाच्या सावलीत काही हजार आणि उघड्या उन्हात दुपारी लाखाच्या घरात. फोनचे मोजमाप ढोबळ असते. पण गुणोत्तर समजायला ते पुरते. खिन्नतेवरच्या उपचारात १०,००० लक्सचा दिवा अर्धा तास वापरतात. तेवढा उजेड आपल्या अंगणात वर्षातील बहुतेक दिवस फुकट असतो. वरील चाचण्या दिव्यांवर झाल्या, उन्हावर नव्हे, हे खरे. पण सकाळी ठरावीक वेळी उठून मोकळ्यावर बसणे किंवा फिरणे यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. सूर्याकडे मात्र पाहू नये आणि वैशाखात ऊन तापण्याआधी आत यावे. मार लागलेल्या काहींना उजेडच सोसत नाही, त्याने डोके दुखते. अशांना जबरदस्ती करू नये. फेफरे, दृष्टिपटलाचा विकार किंवा मनोविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रखर दिवे वापरू नयेत.

मग सल्ला काय द्यावा?

शिक्षकाने डॉक्टर होऊ नये. पण शिक्षकाला करता येण्यासारखे बरेच आहे. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, झटके, गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काही दिसले तर वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. सौम्य मारानंतर एक-दोन दिवसांची विश्रांती आणि मग हळूहळू कामाला सुरुवात, असाच आजचा वैद्यकीय सल्ला आहे. महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत पडून राहणे हिताचे नाही. शाळेत परतलेल्या मुलाला आरंभी दोनच तास बसू द्यावे, मध्ये विश्रांती द्यावी, लिहायला जास्त वेळ द्यावा आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून उभे करू नये. यातले काहीच दिसायला चमत्कारिक नाही, म्हणून ते जाहिरातीत नसते.

पालकांना कायद्याचीही माहिती द्यावी. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात मेंदूच्या विकारांचा समावेश आहे. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात लोकांपुढे करणे हा गुन्हा आहे. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणेही औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा यंत्र विकणाऱ्याकडे परवाना कशासाठी आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

आणि शिरस्त्राणच घ्यायचे तर दिवे नसलेले घ्यावे. दुचाकीस्वाराच्या साध्या हेल्मेटविषयी जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा, की त्याने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. मेंदूच्या इजेवरचा इतका स्वस्त आणि इतका पारखलेला उपाय दुसरा नाही.

त्या वडिलांना आमच्या स्नेह्यांनी ‘नाही’ म्हटले नाही. चार प्रश्न लिहून दिले आणि विक्रेत्याला विचारायला सांगितले. दोन प्रश्नांना उत्तर आले नाही. यंत्र घेतले गेले नाही. चुकाऱ्याचे पैसे नागपूरच्या फेऱ्यांना आणि तपासण्यांना उपयोगी पडले. मुलगा रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसतो. शाळेने त्याचे तास कमी केले होते ते आता पूर्ण झाले आहेत. ही सुधारणा उन्हाने झाली, कमी केलेल्या तासांनी झाली, की केवळ दिवस गेल्यामुळे झाली, हे आम्ही सांगणार नाही. एका मुलावरून ते सांगता येत नाही. आणि सांगितले तर त्या पत्रकात आणि या लेखात काही फरक उरणार नाही.